ज्याचे त्याने सांगावे

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गांडुळाचा पाठ येतो, तेव्हा ‘उभयलिंगी’ हा शब्द मुलांच्या कानी प्रथम पडतो. ज्याच्या एकाच देहात नराची व मादीची अशी दोन्ही इंद्रिये असतात तो प्राणी उभयलिंगी, अशी व्याख्या मुले पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. तीच मुले मोठी होऊन वर्तमानपत्र वाचू लागली म्हणजे हा शब्द त्यांना पुन्हा भेटतो, पण या वेळी तो माणसांना लावलेला असतो. ज्यांना स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी प्रेमाची ओढ वाटू शकते अशा स्त्रीपुरुषांना उद्देशून तो योजलेला असतो. वाचकाच्या मनात मात्र पाठातले गांडूळ जागे होते, आणि ज्या माणसाच्या देहात काहीच निराळे नाही, त्याच्या देहाविषयी भलभलत्या कल्पना केल्या जातात.

हा घोटाळा एकट्या मराठीचा आहे असे नव्हे. इंग्रजीतला मूळ शब्दही एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रात व प्राणिशास्त्रात एका देहातील दोन इंद्रियांसाठीच वापरात होता. मनाच्या ओढीसाठी तो रूढ झाला त्या शतकाच्या अखेरीस, मनोविकारांच्या वैद्यांच्या लिखाणातून. मराठीत या विषयावर विचारपूर्वक लिहिणाऱ्यांनी अलीकडे ‘उभयलैंगिक’ हा निराळा शब्द पत्करला आहे. तो जिभेला जड आहे खरा. तथापि गांडुळापासून माणसाची सुटका करणारा असल्यामुळे तोच वापरलेला बरा.

या माणसांविषयी दुसऱ्यांनी पुष्कळ लिहिले. वैद्यांनी लिहिले, न्यायाधीशांनी लिहिले, कादंबरीकारांनी लिहिले. त्यांना स्वतःला बोलावून, समोर बसवून, ‘तुमचे काय ते तुम्हीच सांगा’ असे म्हणण्याची रीत फार उशिरा सुरू झाली. कचेऱ्या, कारखाने आणि शिक्षणसंस्था यांत उभयलैंगिक वक्त्यांना बोलावण्याची जी प्रथा आज मोठ्या शहरांतून दिसते, ती या दीर्घ इतिहासातील अगदी अलीकडची पायरी होय. त्या पायरीपर्यंतचा रस्ता मराठी माणसांच्या अंगणातून गेलेला आहे, आणि तो सोपा नव्हता.

रस्त्याचा आरंभ मुंबईच्या एका कॉलेजात सापडतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. ख्रिस्ती मिशनने चालविलेल्या त्या कॉलेजाच्या चालकांना आपल्या प्राध्यापकाने असा प्रचार करावा हे मानवणे शक्य नव्हते. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. गणित ते उत्तम शिकवीत. त्यांच्या अध्यापनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. वर्गाबाहेर ते काय बोलतात एवढाच प्रश्न होता. कामाच्या ठिकाणी कोणत्या विषयावर तोंड उघडावे व कोणत्या उघडू नये याची रेषा तेव्हा अशी आखलेली होती.

संततिनियमनाविषयी कॅथलिक धर्मपीठाची शिकवण कर्व्यांच्या मतांहून सर्वस्वी भिन्न आहे, आणि ती मानणाऱ्या वाचकाने कर्व्यांशी सहमत व्हावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका गोष्टीत कर्व्यांचे ऋण विरोधकांनाही मान्य करावे लागेल. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली जात. लोक घरात, दारात, वैद्याकडे किंवा देवळात जे विचारू शकत नव्हते ते या मासिकाला लिहून विचारीत. स्वतःच्या देहाविषयी, मनाविषयी, आपणांस वाटणाऱ्या ओढीविषयी विचारीत. उत्तर रोखठोक येई, कित्येकदा रुक्षही येई, पण ते येई. लाज वाटावी अशा गोष्टीवर कोणीतरी न हसता उत्तर देतो हा अनुभव मराठी वाचकाला नवीन होता.

याबद्दल कर्व्यांना शिक्षा झाल्याच. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल खटला होऊन त्यांना शंभर रुपये दंड झाला. पुढचा खटला १९३४ मधला. तो याहून बोलका होता, कारण या वेळी गुन्हा लेखाचा नव्हता, वाचकांना दिलेल्या उत्तरांचा होता. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकच लैंगिक आरोग्याला वाहिलेले आहे, वाचक त्याच विषयावरील शंका विचारतात, मग संपादकाने उत्तर देऊ नये तर काय करावे, अशा आशयाचा युक्तिवाद त्यांनी केला आणि हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या लिखाणाचा आधार घेतला. न्यायालयाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. ज्या वर्षांत बाबासाहेबांच्या खांद्यावर अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा सगळा भार होता, त्या वर्षांत त्यांनी हा लोकांना न रुचणारा खटला अंगावर घेतला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. तिला याहून अधिक जागा मिळावयास हवी.

कर्व्यांच्या कहाणीला एक जोड आहे. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे दवाखान्यांतून व गावोगावी त्यावर सरकारी खर्चाने बोलले जाऊ लागले. १९२५ मध्ये ज्या बोलण्यापायी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, तेच बोलणे सत्तावीस वर्षांत शासनाचे धोरण झाले. कर्वे त्यानंतर वर्षभरच जगले.

तथापि ‘समाजस्वास्थ्या’तही एक उणीव राहिली, आणि ती त्या काळाचीच होती. प्रश्न विचारणारा तेथे निनावी असे. बोलणारे संपादक, विचारणारा पत्रामागे लपलेला. त्याने पुढे येऊन ‘हा मी’ म्हणावे अशी परिस्थिती नव्हती. १९४८ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांचा पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरील ग्रंथ निघाला. किन्सी मूळचे गांधीलमाशीच्या जातीतील कीटकांचे अभ्यासक. हजारो कीटक मोजून त्यांतील बारीकसारीक भेद टिपण्याची त्यांची सवय होती. तीच सवय माणसांकडे वळवून त्यांनी शून्यापासून सहापर्यंतची एक पट्टी आखली. एका टोकाला ज्यांना केवळ भिन्नलिंगी व्यक्तीचीच ओढ वाटते ते, दुसऱ्या टोकाला ज्यांना केवळ समलिंगी व्यक्तीचीच वाटते ते, आणि मधल्या पाच खुणांवर उरलेले. त्यांनी माणसे निवडताना घेतलेल्या नमुन्यावर पुढे रास्त टीका झाली आणि त्यांचे आकडे जसेच्या तसे कोणी घेऊ नयेत. पण ही वाटणी दोन कप्प्यांची नसून पट्टीवरील अंतरांची आहे, ही त्यांची कल्पना टिकली. मधल्या खुणांवरील माणसांचे अस्तित्व शास्त्राच्या पुस्तकात अशा रीतीने नोंदले गेले. तेही अर्थात मुलाखत घेणाऱ्याच्या लेखणीने.

मराठी साहित्याने हा विषय हाताळला तो फार पुढे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी मराठी प्रेक्षकांसमोर उभी राहिली. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ ची. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या तरुणावर त्या घरातला मुलगाही प्रेम करतो आणि मुलगीही, आणि तो तरुण दोघांनाही प्रतिसाद देतो. कादंबरीचे दोन भाग. एक भाऊ सांगतो, दुसरा बहीण. तिसऱ्याला, म्हणजे त्या भाडेकरूला, संपूर्ण कादंबरीत नाव नाही आणि त्याचे स्वतःचे निवेदनही नाही. तो येतो, दोन आयुष्ये हलवून टाकतो आणि निघून जातो. त्याला काय वाटले, तो कोणावर किती प्रेम करीत होता, तो फसवीत होता की स्वतःच गोंधळला होता, हे वाचकाला त्या दोघांच्या दुःखातूनच ताडावे लागते. कलाकृती म्हणून यात वावगे काही नाही, उलट कादंबरीचे बळ त्यातच आहे. पण दोहोंवर प्रेम करणारा माणूस मराठी कादंबरीत ठळकपणे आला तोही अबोल आणि निनावी आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. समाजात त्याची स्थिती तशीच होती.

दरम्यान मुंबई-पुण्यात बोलणारे लोक पुढे आले होते. पत्रकार अशोक रावकवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभा केला. खिरे हे संगणकक्षेत्रातील अभियंते. अमेरिकेत नोकरी करून परतलेले. त्यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी आणि ‘इंद्रधनू’ हे माहितीपर पुस्तक मराठीत लिहिले, पुण्यातून व्याख्याने व परिसंवाद चालविले. इंग्रजी येणाऱ्या शहरी तरुणाला पुस्तके पुष्कळ होती. तालुक्याच्या गावातील शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या हाती पडेल असे मराठीतले लिखाण नव्हते, ती तूट त्यांनी भरून काढली. कर्व्यांच्या मासिकात जो पत्रामागे होता, तो आता स्वतःच्या नावाने लिहू लागला, एवढा हा फरक.

नाव सांगणाऱ्याला त्याच्या कामाच्या ठिकाणी काय सोसावे लागते, किंबहुना नाव न सांगताही काय सोसावे लागते, याचे उदाहरण नागपूरच्या एका विद्वानाच्या आयुष्यात आहे. डॉ. रामचंद्र श्रीनिवास सिरस यांचा जन्म १९४८ चा, शिक्षण नागपूर विद्यापीठात, मराठी विषयातील डॉक्टरेटही तेथीलच. १९८८ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवावयास गेले आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. ते कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. उत्तर प्रदेशातील एका शहरात, जेथे मराठी बोलावयास क्वचितच कोणी मिळावे, तेथे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी आपली भाषा शिकविली.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या विद्यापीठातील निवासस्थानी घुसली. घरात ते आणि त्यांचा एक पुरुष स्नेही होता. त्या खासगी क्षणांचे चित्रण करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने गैरवर्तनाबद्दल त्यांना निलंबित केले आणि राहते घर सोडावयास सांगितले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. घरात घुसणाऱ्यांनी काय केले हा प्रश्न मागे पडला आणि घरात असलेल्याने काय केले हाच चर्चेचा विषय झाला. सिरस न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढलेले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१० रोजी सिरस यांच्या निलंबनास स्थगिती दिली. त्यानंतर सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, अलीगढमधील भाड्याच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. पोलिसांनी तपास केला. कोणासही शिक्षा झाली नाही. पुढे हंसल मेहता यांनी ‘अलीगढ’ हा चित्रपट काढला, तो २०१६ मध्ये चित्रपटगृहांत लागला, आणि देशभरच्या लोकांना या मराठी प्राध्यापकाचे नाव कळले.

सिरस यांचे प्रकरण उभयलैंगिकतेचे नव्हे, समलैंगिकतेचे म्हणून नोंदले गेले आहे, आणि तसेच ते राहू द्यावे. मेलेल्या माणसाला आपल्या सोयीचे नाव देणे हाही एक अन्यायच. येथे त्याचा उल्लेख दुसऱ्या कारणासाठी. न्यायालयाचा हुकूम त्यांच्या बाजूने आला होता. नोकरी परत मिळणार होती, घर परत मिळणार होते. परंतु ज्या सहकाऱ्यांत परत जावयाचे, त्यांनी अशा माणसाला कधी ऐकलेले होते काय? ज्याला आपण वीस वर्षे नमस्कार करीत आलो त्याच्याशी आता कसे बोलावे हे कोणी त्यांना कधी सांगितले होते काय? हुकूमनामा दार उघडतो. आत गेल्यावर खुर्ची कोण सरकवून देतो हे त्याच्या हातात नसते.

कायद्याची पुढची वाट वाचकांना ठाऊकच आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच निराळ्या व अधिक भक्कम पायावर पुन्हा उभा केला. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तसे कलमच नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही. खासगी कारखान्यात किंवा दुकानात एखाद्याला केवळ त्याच्या लैंगिक ओढीवरून छळले, तर त्याला नेमके संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालेला नाही. ती पोकळी मालकांच्या समजूतदारपणाने भरून निघाली तर निघते.

असा समजूतदारपणा काही मालकांनी दाखविला. मुंबईत विक्रोळीला गोदरेज उद्योगसमूहाने २०११ मध्ये एक संस्कृतिकेंद्र सुरू केले होते. परमेश शहाणी हे त्याचे प्रमुख होते. कारखान्याच्या आवारात या विषयावरची भाषणे, चर्चा, चित्रपट त्यांनी घडवून आणले. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने उद्योगधंद्यांसाठी पाच आचारसूत्रे प्रसिद्ध केली. भेदभाव करू नका, कर्मचाऱ्यांना आधार द्या, असे त्यांचे सरळ स्वरूप आहे. त्यांच्या प्रकाशनाचा एक समारंभ मुंबईतही झाला. शहाणींचे ‘क्विअरिस्तान’ हे पुस्तक २०२० चे. कार्यालयांनी काय करावे याची चर्चा त्यात आहे.

मग उभयलैंगिकांनाच वेगळे बोलावण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, सर्वांसाठी मांडलेल्या पंगतीतही यांचे पान विसरले जाते. पुरुषाने स्त्रीशी लग्न केले की लोक त्याला सरळमार्गी समजतात. तोच उद्या पुरुषाबरोबर दिसला की त्याला समलैंगिक म्हणतात. दोन्ही वेळा तो एकच माणूस होता हे कोणाच्या लक्षात येत नाही. एका बाजूचे लोक त्याला ‘अजून निर्णय झालेला नाही’ म्हणून हिणवितात, दुसऱ्या बाजूचे ‘भित्रा आहे, उघड सांगत नाही’ म्हणून. दोघांकडे ओढ असते म्हणजे एकनिष्ठता नसते, असा तर्क सर्रास केला जातो. वास्तविक ओढ असणे आणि वचन मोडणे यांचा काही संबंध नाही. ज्याला फक्त स्त्रियांचीच ओढ वाटते असा विवाहित पुरुष जगातील सर्व स्त्रियांच्या मागे धावत नाही. मग उभयलैंगिक पतीने किंवा पत्नीने दिलेला शब्द पाळला यात नवल ते काय?

अमेरिकेत हे लोक स्वतःच संघटित झाले. रॉबिन ऑक्स या विदुषीने १९८३ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या उभयलैंगिक स्त्रियांच्या मंडळात भाग घेतला आणि पुढे विद्यापीठांतून व कार्यालयांतून याच विषयावर व्याख्याने देण्याचे व्रत चालविले. तेथील तिघा कार्यकर्त्यांनी १९९९ मध्ये २३ सप्टेंबर हा दिवस उभयलैंगिकांचा म्हणून पाळण्यास सुरुवात केली, आणि आता अनेक देशांत तो पाळला जातो. व्याख्यानासाठी निमित्त हवे असते. हा दिवस ते देतो.

धर्माच्या बाजूने येणारी शंका टाळून चालणार नाही. कॅथलिक धर्मसभेची विवाहाविषयीची आणि समलिंगी संबंधांविषयीची शिकवण स्पष्ट आहे व ती बदललेली नाही. परंतु १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच धर्मसभेच्या शिकवणुकीच्या ग्रंथात, समलैंगिक माणसांचा आदराने, करुणेने व नाजूकपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव करू नये, असेही सांगितलेले आहे. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी, धर्मसभा अशा माणसांना गुन्हेगार मानीत नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. वाक्याचा पूर्वार्ध लक्षात ठेवणारे पुष्कळ, उत्तरार्ध लक्षात ठेवणारे थोडे. हे सर्वच धर्मांच्या अनुयायांत घडते. वक्त्याला ऐकल्याने कोणाचा धर्म बुडत नाही. समोरचा माणूस सांगतो ते समजून घेणे आणि त्याच्या प्रत्येक मतास मान डोलावणे या भिन्न क्रिया आहेत, आणि आपल्या कीर्तनांच्या व प्रवचनांच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्याला तो भेद शिकवावयास नको.

आता हे सगळे पांढुर्णा आणि सौंसरच्या माणसाला कशासाठी सांगावयाचे? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातल्या या दोन तहसिली मराठी बोलत राहिल्या, नागपूरची वर्तमानपत्रे वाचत राहिल्या आणि संत्री नागपूरकडेच पाठवीत राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे कर्मचारी. सौंसर तहसिलीत बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे पाळ्यांमध्ये काम चालते. हजारो माणसे रोज आठ तास शेजारी शेजारी काढतात. त्यांच्यात असा कोणीच नसेल असे समजणे म्हणजे गणिताला रजा देणे होय. मोठ्या शहरात ज्याला जाच होतो तो नोकरी बदलतो, घर बदलतो, गर्दीत मिसळतो. येथे नोकरीचे ठिकाण, बाजार, नातेवाईक आणि लग्नाची पत्रिका सारे एकाच वर्तुळात असते. म्हणून येथला माणूस बोलत नाही, आणि तो बोलत नाही म्हणून तो नाहीच असे ठरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्यामागची आख्यायिका साऱ्यांना ठाऊक आहे. एका गावचा मुलगा, दुसऱ्या गावची मुलगी. दोघे पळून जाताना नदीत सापडली आणि दोन्ही काठांवरून दगड आले. पात्रात पळसाचे झाड रोवून त्याच्या निशाणासाठी आजही दगड चालतात आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यात दोन्ही काठांवरील लोकांना बोलावयास मिळते. मधल्या दोघांना काय म्हणावयाचे होते ते तिच्यात कोठेही येत नाही.

व्याख्यान घडवून आणणे ही काही अवघड गोष्ट नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी, तिच्यात बाहेरची एक जाणकार व्यक्ती हवी, आणि कर्मचाऱ्यांसाठी वेळोवेळी कार्यशाळा घ्यावयास हव्यात, असे तो कायदा सांगतो. प्रारंभी अशा कार्यशाळांतही लोक माना खाली घालून बसत. आता त्या सवयीच्या झाल्या आहेत. त्याच दालनात, त्याच खुर्च्यांवर, हाही विषय निघू शकतो.

वक्ता बाहेरचा असावा, हे मात्र पाळलेच पाहिजे. आपल्याच कचेरीतील कोणाविषयी कुजबुज असेल, तर त्याला उभे करून ‘तूच सांग’ म्हणणे हा छळच होय. कोणी आपले सांगावे की न सांगावे हे त्याने ठरवावयाचे. वक्ता मराठीत बोलणारा असावा; इंग्रजी चित्रफितींनी पाळीवरच्या कामगाराच्या पदरात काही पडत नाही. नागपूर येथून दोन-तीन तासांच्या आत आहे आणि तेथे सारथी ट्रस्टसारख्या संस्था या क्षेत्रात काम करतात. वक्त्याने आपल्या शयनगृहाची कथा सांगावी अशी अपेक्षा कोणी धरू नये. आपले शिक्षण, आपली नोकरी, आपल्याला कोणत्या थट्टेने लागले आणि कोणत्या सहकाऱ्याने आधार दिला, एवढे त्याने सांगितले तरी दीड तास अपुरा पडतो. व्याख्यात्याला मानधन द्यावे. इतर व्याख्यात्यांना आपण श्रीफळ व पाकीट देतो. याला उपकार केल्यासारखे रिकाम्या हाती पाठवू नये.

आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत, नाव न लिहिता. आरंभी एक डबा फिरवावा, प्रत्येकाने त्यात कागद टाकावा, ज्याला काही विचारावयाचे नसेल त्याने कोरा टाकावा, म्हणजे कोणी विचारले आणि कोणी नाही हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ‘समाजस्वास्थ्या’च्या संपादकाकडे पत्रे अशीच येत. फरक इतकाच की आता चिठ्ठी उघडून उत्तर देणारा माणूस स्वतःच्या अनुभवावरून उत्तर देईल, आणि ते देताना त्याला दोनशे रुपये दंड भरावा लागणार नाही. पहिल्या दहा-बारा चिठ्ठ्या बहुधा थट्टेच्या निघतील; अनुभवी वक्ते त्यांनी बिचकत नाहीत. त्या वाचून बाजूला ठेवल्या म्हणजे तळाशी दुमडून दुमडून अगदी लहान केलेली एखादी चिठ्ठी सापडते, आणि तिच्यावर कोणीतरी आपल्या मुलाविषयी किंवा स्वतःविषयी विचारलेले असते.